पोहे गार झाल्याबाबत

गोपाळकृष्ण घैसास
८१२/३, सदाशिव पेठ, पुणे ३०
२२ जानेवारी २०२५

प्रति,
आत जो कोणी जिवंत माणूस असेल तो,
'घरउपचार' ॲप, हडपसर

महोदय,

विषय : पोहे गार झाल्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, काल मंगळवारी सकाळी ठीक दहा वाजता माझ्या घरी कांदेपोहे तयार होते. ते मी केले होते. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मी चुलीशी फारसा संबंध ठेवलेला नाही, त्यामुळे ही घटना आमच्या मजल्यावर अजून चर्चेत आहे. साडेदहाला वरचं खोबरं सुकलं. अकराला दाणे मऊ पडले. साडेअकराला मी ते स्वतः खाल्ले, आणि गार पोहे खाताना माणसाला जगाबद्दल जे जे वाटतं ते सगळं मला वाटलं.

हे पोहे आपल्या ॲपवरून येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट अपेक्षाताई यांच्यासाठी होते. त्या आल्या नाहीत. याआधीच्या चार मंगळवारीही आल्या नाहीत. चौथ्या खेपेनंतर माझी पत्नी शकुंतला म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी पाण्यापलीकडे काही विचारलंत का?" म्हणून पोहे.

दर खेपेला भेटीची नोंद मी ॲपवर स्वतः केली आहे. दर खेपेला हिरवी खूण उमटली, 'अभिनंदन, आपली भेट यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे' असं आलं, आणि वरून रंगीत कागदाचे तुकडे पडले. लग्नातसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. काल शेवटी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझ्या यादीत तुमचं नाव डिसेंबरपासून नाहीच. मला वाटलं, शकूताईंनी उपचार थांबवले."

म्हणजे दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय. ॲपला खोटं बोलण्याचं काय कारण? त्याला ना घर, ना संसार, ना दुसरीकडे जास्त मिळणारं काम. सबब मी अपेक्षाताईंना एक तारा दिला आणि खाली चार ओळींचा शेरा लिहिला. मी दिवाळी अंकांत विनोदी लिहितो, त्यामुळे शेरा बरा उतरला आहे. आपण जरूर वाचावा.

ही तक्रार ॲपवरही केली होती. ती 'यशस्वी' झाल्याचं कळल्यामुळे टपालाने पाठवत आहे.

रुग्ण : पत्नी. उजवा हात. तपशील आपल्याकडे असावा.

आपला,
गो. घैसास

*

हडपसर
३० जानेवारी २०२५

आदरणीय घैसास सर,

नमस्कार. मी रुमाना बागवान. घरउपचारमध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. आमच्या ऑफिसला आलेलं हे पहिलंच हाताने लिहिलेलं पत्र. वॉचमनकाकांनी ते दोन दिवस जपून ठेवलं होतं, कोर्टाचं असेल या भीतीने. मग टीम लीड साईनाथ सरांनी विचारलं की हे अक्षर कोणाला लागतं. मी लेखिका-बिखिका नाही, पण हडपसरच्या मराठी शाळेत शिकले, म्हणून ते माझ्याकडे आलं.

सर, तुमची एकही भेट नोंदवली गेलेली नाही. पाचही नाकारल्या गेल्या. कारण तुमच्या पत्त्यातली तिरकी रेघ. डिसेंबरमध्ये आमच्या एका डेव्हलपरने नियम घातला की घर क्रमांकात फक्त आकडे आणि अक्षरं चालतील. ८१२ चालतं, ८१२/३ नाही. पेठांमधले अर्धे पत्ते असेच असतात, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग हिरवी खूण का? तुम्ही बटण दाबलं की फोन आमच्या सर्व्हरला मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तर देतो. समजा, ते उत्तर पाकिटातून येतं. पाकिटावर एक आकडा असतो : दोनशे म्हणजे सगळं ठीक, चारशेच्या घरातले म्हणजे मागणीत काही कमी, पाचशेच्या घरातले म्हणजे आमच्याकडेच बिघाड. तुमच्या पाकिटात चिठ्ठी होती 'पत्ता अमान्य'. पण पाकिटावर छापलं होतं दोनशे. ॲप फक्त पाकीट बघतं आणि कागदाचे तुकडे उधळतं.

मी तुमचे पुढचे सगळे मंगळवार हाताने नोंदवले आहेत. मात्र येणारे थेरपिस्ट दुसरे असतील. अपेक्षा मॅडमना सध्या वाघोलीच्या फेरीवर टाकलं आहे. एका महिन्यात एक ताऱ्याचे तीन शेरे आले की सिस्टिम आपोआप माणूस बदलते. हे तुम्हाला लिहावं की नाही, याचा खूप विचार केला. तिसरा शेरा तुमचा होता.

त्या खरं बोलत होत्या, सर.

आपली,
रुमाना

*

सदाशिव पेठ
६ फेब्रुवारी २०२५

कु. रुमाना यांस,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे. आमच्या ऑफिसात असतात तर पहिल्याच दिवशी कोणीतरी तुमच्यावर सगळी पाकिटं ढकलली असती.

मी एका निमसरकारी कचेरीत सव्वीस वर्षं जावक टेबलावर बसतो. तुमच्या पिढीला हे टेबल ठाऊक नसेल. आमच्याकडे बारा शाखा, आणि बाराही शाखांतल्या कारकुनांची उत्तर लिहायची पद्धत निराळी. एक 'सविनय' लिहितो, एक 'सबब', एकजण फक्त 'नाही' लिहून खाली सही करतो. पण यांतला एकही कागद आपल्या पायांनी इमारतीबाहेर जाऊ शकत नाही. प्रत्येक कागद माझ्या टेबलावर येतो. मी बघतो : आत नकार आहे का? मग विषयातही नकारच हवा. कारण दिलंय का? पुढे काय करायचं ते लिहिलंय का? मग मी जावक क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो. सहा महिन्यांनी कोणी तो क्रमांक घेऊन खिडकीशी आला, तर मी वही उघडून सांगू शकतो की तुमचं घोडं नेमकं कुठे अडलं.

तुमच्याकडे असं टेबल नाही, एवढं मला कळलं. तुमचा प्रत्येक कारकून दारातून स्वतःच उत्तर फेकतो आणि पाकिटावर मनाला येईल ते छापतो. असे कारकून किती आहेत? आणि सगळ्या पाकिटांवर दोनशेच छापायचं हे कोणी ठरवलं? बारा माणसं आपापल्या बुद्धीने एकच चूक करत नसतात. तशी चूक वरून आलेली असते.

आता एक गोष्ट, जी पहिल्या पत्रात मी पोह्यांखाली लपवली होती. शकूला नोव्हेंबरात झटका आला. बोलणं सावरलं, चालणं सावरलं. उजव्या हाताची बोटं राहिली. डॉक्टर म्हणाले, हाताचं जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. ते महिने एप्रिलअखेर संपतात. त्यातले पाच मंगळवार तुमच्या पाकिटात गेले.

नवे गृहस्थ परवा येऊन गेले. ते शकूचा हात धरतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. शकू त्यांना 'हो हो' म्हणते आणि काही करत नाही. अपेक्षाताई होत्या तेव्हा ती त्यांच्याशी भांडत भांडत मूठ मिटायची.

शेऱ्याबद्दल आज काही लिहीत नाही.

गो. घैसास

*

हडपसर
२१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

काका म्हटलेलं चालेल ना? उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग कामाला लागले.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं. कारकून, म्हणजे आमच्या प्रोग्रॅममधले एकेक काम करणारे भाग, चौसष्ट आहेत. नकार कळवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी आत 'एरर' लिहितो, कोणी 'फेल', एक जण तर नुसतं रिकामं पाकीट पाठवतो. दोनशेचा नियम साईनाथ सरांचा. आमच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. सर्व्हरने दोनशे सोडून काहीही म्हटलं की त्यावर लाल ठिपका उमटतो. सुरुवातीला गुंतवणूकदार यायचे, त्यांना लाल दिसायला नको होतं. सर म्हणाले, काही बिनसलं तर आत लिहा, वर दोनशेच छापा. गुंतवणूकदार येऊन गेले, नियम राहिला.

आणि मागच्या पत्रात मी 'आमच्या एका डेव्हलपरने' असं लिहिलं होतं. तो पत्त्याचा नियम माझा होता. भेट नोंदवणारा तो कारकूनही मीच लिहिला. स्वतःच्या चुकीला मी दुसऱ्या कोणाचं तरी पाकीट घातलं. माफ करा.

आता चांगली बातमी. मी तुमचं टेबल बांधलं. आमच्याकडे त्याला मिडलवेअर म्हणतात, म्हणजे मागणी येताना आणि उत्तर जाताना मध्ये बसणारा भाग. आता चौसष्टांपैकी कोणीही बाहेर परस्पर उत्तर देणार नाही. काही बिनसलं की कारकून फक्त हात वर करेल. पाकिटावरचा आकडा, आतला मजकूर आणि क्रमांक टेबलच घालेल. सगळीकडे एकसारखं. नकार असेल तेव्हा ग्राहकाला हे दिसेल :

'तांत्रिक अडचण आली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

तुमची मंजुरी हवी. साईनाथ सरांची अजून मिळालेली नाही. १८ मार्चला एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं ॲप बघायला येणार आहेत. तोवर पडदा लाल होता कामा नये, असं सर म्हणाले. त्यानंतर बघू. मी त्यांना विचारलं, तोवर पेठेतल्या पेशंटचं काय? ते म्हणाले, तू पेठेतली आहेस का?

सोबत डझनभर लिंबं पाठवत आहे. माझे अब्बा, मुनव्वर बागवान, हडपसर मार्केटला लिंबांचा व्यापार करतात. शकूकाकूंचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, रबराचा चेंडू दाबून कोणाचं मन लागतं? लिंबू द्या, पिळलं की निदान रस निघतो.

तुमची,
रुमाना

*

सदाशिव पेठ
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रुमाना, अनेक आशीर्वाद.

काका चालेल. या पेठेत त्याहून वाईट हाका ऐकल्या आहेत.

मंजुरी नाही. टेबल उत्तम, मजकूर टाकाऊ. मी म्हटलं होतं पाकीट एकसारखं हवं. सगळ्या पाकिटांत एकच चिठ्ठी घाल, असं म्हटलं नव्हतं. 'पुन्हा प्रयत्न करा' वाचून मी जन्मभर ८१२/३ टाईप करत बसलो असतो आणि तू जन्मभर मला नाकारत राहिली असतीस, फक्त अधिक शिस्तीत. मला कळायला हवं की अडलंय पत्त्यावर, दोष माझा नाही, आणि मी आता कुठे फोन करू.

पण सगळंच बाहेर सांगायचं नसतं, हेही ऐक. आमच्या फाइलला दोन बाजू असतात. एका बाजूला टिपणी, ती साहेबांसाठी. दुसऱ्या बाजूला पत्रं, ती जनतेसाठी. आमच्या उत्तरेश्वर नावाच्या कारकुनाने एकदा पत्राऐवजी टिपणीच पाकिटात घातली. अर्जदाराला घरी मिळालं : 'सदर इसम फार त्रास देतो, एकदाचा वाटेला लावावा.' अर्जदार ते फ्रेम करून घेऊन आला. तेव्हापासून टिपणी आत, पत्र बाहेर, आणि दोन्हींवर एकच क्रमांक. तुमच्या सर्व्हरच्या पोटातलं मला दाखवू नकोस. मला क्रमांक दे, पोटातलं तू बघ.

चूक कबूल केलीस ते बरं केलंस. तुझ्या सरांना माझ्या वतीने काही बोलू नकोस. मी बोललो तर चार ओळींत बोलेन, आणि तशा ओळींनी काय होतं ते आपण पाहिलं आहे.

त्या ओळी मी काल पुन्हा वाचल्या. त्यातल्या दोन इतक्या जमल्या होत्या की पाठवण्याआधी मी शकूला मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. ती हसली नव्हती. "अपेक्षा तशी नाही," एवढंच म्हणाली होती. मला तेव्हा वाटलं, हिला विनोद कळला नाही.

अपेक्षाताईंचं काय होऊ शकतं, ते कळव. शकूने लिंबू धरलं. पिळलं नाही. पण धरलं. अब्बांना सांग.

तुझा काका,
गो. घैसास

*

हडपसर
२२ मार्च २०२५

प्रिय काका,

सध्या रोजे चालू आहेत, त्यामुळे ऑफिसातून लवकर निघते आणि घरी पत्र लिहायला वेळ मिळतो.

तुमचं ऐकलं. प्रत्येक नकारात आता तीन गोष्टी असतात : काय अडलं, कोणाकडून, आता काय करायचं. खाली क्रमांक. टिपणी आमच्याकडे त्याच क्रमांकाखाली राहते. पत्त्याचा नियमही काढला. पण साईनाथ सर टेबल चालू करू देत नव्हते.

मग मी दुसरं काहीतरी केलं. डिसेंबरपासून आलेल्या सगळ्या जुन्या मागण्या साठवलेल्या होत्या. त्या, ॲपच्या चाचणीच्या प्रतीत, जुन्या नियमासकट नव्या टेबलावरून परत फिरवल्या. ज्यांना आम्ही हिरवी खूण दाखवली होती त्यांतल्या तीनशे बारा खरं तर नाकारलेल्या निघाल्या. त्रेचाळीस तिरक्या रेघेच्या. त्यांतल्या नऊ अपेक्षा मॅडमच्या पेशंटच्या. शेरे देणाऱ्या तिघांच्याही मागण्या त्या नवांत आहेत.

यादी घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, पेठेतले चार पत्ते म्हणजे पुणं नव्हे. मी म्हटलं, सर, तुमचा घालून बघा. सर वाघोलीचे, शेतातल्या घरात राहतात. त्यांनी त्याच चाचणीच्या प्रतीत टाईप केलं : गट नंबर १२४७/२. नवं टेबल म्हणालं : 'घर क्रमांकातली तिरकी रेघ आमची यंत्रणा स्वीकारत नाही. चूक आमची आहे. भेट नोंदवलेली नाही. या क्रमांकावर फोन करा.' सर ऑफिसात कायम पुस्तकी बोलतात. त्या दिवशी स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आमचंच घर आमच्या ॲपला मान्य न्हाय व्हय." नंतर म्हणाले, "चालू कर. अठराच्या आधी कर. लपवायचं काय राहिलं हाय आता?"

अठराला पडदा गोवर आल्यासारखा होता. हॉस्पिटलच्या मुख्य बाई आल्या, पडद्याकडे बघून थांबल्या आणि विचारलं, हे लाल काय आहे? मला वाटलं, संपलं. सरांनी सरळ सांगितलं की परवापर्यंत हेच सगळं हिरवं होतं, आणि तेव्हाही एवढंच बिघडलेलं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात एकही पेशंट कण्हत नसेल, तर मी आधी नर्स जागी आहे का ते बघते."

करार झालेला नाही. महिनाभर दर सोमवारी लाल ठिपक्यांची यादी पाठवा, मग बोलू, असं सांगून गेल्या. पण पहिल्या सोमवारची यादी कितीही लांब असली, तरी चौथ्या सोमवारची किती करायची, हे आता निदान आमच्या हातात आहे.

अपेक्षा मॅडमना सर स्वतः भेटले. आठ एप्रिलपासून त्या परत पेठेच्या फेरीवर आहेत. तुमच्याकडे मंगळवारी दहा वाजता. ही नोंद नव्या टेबलावरून गेली आहे. खरी आहे.

अब्बा म्हणतात, रमजानमध्ये लिंबू सोन्याच्या भावाने जातं, पण काकूंची बाजूला काढून ठेवली आहेत. सोबत आहेत.

तुमची,
रुमाना

*

सदाशिव पेठ
मंगळवार, ८ एप्रिल २०२५
जावक क्रमांक : १

अपेक्षाताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुमच्या बशीखाली ठेवलं आहे. आमच्या जावक टेबलावर हे नियमात बसत नाही, पण मला तोंडाने बोलायला गेलं की विनोद सुचतात, आणि आज ते नको आहेत.

जानेवारीत मी तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्ही खरं बोलत होतात. तुम्हाला वाघोलीला जावं लागलं, त्यात माझा वाटा तिसरा होता.

तो शेरा काल काढून टाकायला गेलो. ॲप म्हणालं : 'दिलेला शेरा पुसता येत नाही. त्याखाली नवा शेरा जोडता येईल.' कारण दिलं, मार्ग सांगितला, क्रमांकही दिला. त्या यंत्राशी एवढ्या महिन्यांत झालेलं माझं हे पहिलं सरळ बोलणं. जुन्या चार ओळींखाली मी एक ओळ जोडली आहे : 'वरील मजकूर चुकीचा आहे, चूक माझी.' ती जमलेली नाही, पण शकूने वाचून मान हलवली.

तुम्ही नव्हतात तेव्हा ती फार कोणाशी भांडली नाही. त्यामुळे आज तुम्हाला त्रास होईल. तयारीत या, असं आधी कळवायला हवं होतं.

एकवीस जानेवारीची एक बशी तुमच्या नावाने राहिली होती. ही ती. पोहे गरम आहेत, आधी ते खा. वरचं लिंबू शकूने पिळलं आहे, उजव्या हाताने. दोन बिया पडल्या असतील, तेवढ्या सांभाळून घ्या.

आपला,
गोपाळकृष्ण घैसास

प्रत माहितीसाठी : चि. रुमाना बागवान, हडपसर.